रानातली अळंबी खाण्याआधी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाऊस पडून दोन-चार दिवस झाले की झाडाखाली, कुजक्या ओंडक्यावर, हिरवळीत छत्र्या उगवतात आणि प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो: "ही खाता येईल का?" सोबत वरून काढलेला एक फोटो असतो. अशा फोटोवरून मी "हो" कधीच म्हणत नाही. त्याची कारणे खाली सविस्तर दिली आहेत.

मात्र तुम्ही किंवा घरातल्या कुणी अनोळखी अळंबी आधीच खाल्ली असेल आणि म्हणून हे वाचत असाल, तर पुढे वाचत बसू नका. बरे वाटत असले तरी आत्ता दवाखाना गाठा. उरलेली अळंबी सोबत न्या.

विषारी अळंबी ओळखण्याची एखादी सोपी खूण आहे का?

नाही. हे उत्तर कुणालाच आवडत नाही, पण माझ्याकडे दुसरे नाही.

चांदीचा चमचा काळा पडतो, लसूण निळा पडतो, सोबत शिजवलेल्या तांदळाचा रंग बदलतो, अशा खुणा कितीतरी देशांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जातात. त्यांतली एकही खरी नाही. चांदी काळी पडते ती गंधकाच्या संयुगांमुळे. सर्वाधिक जीव घेणाऱ्या अमाटॉक्सिन या विषाने चांदीवर डागही पडत नाही.

"किड्यांनी खाल्ली आहे म्हणजे चांगली असणार" हा समजही असाच जुना. गोगलगायी डेथ कॅप ही अत्यंत विषारी अळंबी खुशाल कुरतडतात. त्यांचे शरीर आपल्यासारखे नाही. "भडक रंगाची विषारी, साध्या रंगाची चांगली" म्हणावे, तर लाल छत्रीवर पांढरे ठिपके असलेल्या फ्लाय ॲगॅरिकने माणूस आजारी पडतो, भ्रमिष्टासारखा वागतो, पण क्वचितच दगावतो; जीव घेते ती फिकट हिरवट, कुणाच्या डोळ्यांत न भरणारी डेथ कॅप. "लाकडावर उगवलेली सुरक्षित" म्हणावे, तर गॅलेरिना मार्जिनाटा ही छोटी तपकिरी अळंबी लाकडावरच उगवते आणि तिच्यात डेथ कॅपचेच विष असते. छत्रीची साल सोलून निघते ती खावी, असेही सांगतात. डेथ कॅपची साल सहज निघते.

आणि चव? विष कडू असते अशी आपली समजूत आहे. डेथ कॅप खाऊन वाचलेल्या अनेकांनी डॉक्टरांना सांगितले आहे की ती चवीला छान लागली होती.

मग जाणकार लोक ओळखतात तरी कशावरून?

ते "विषारी की खाण्याजोगी" हा प्रश्न आधी विचारतच नाहीत. आधी जात ठरवतात. छत्रीचा आकार आणि कडा, खालच्या पात्या देठाला चिकटलेल्या आहेत की सुट्या, देठावर कडे आहे का, बुंध्याशी पिशवी आहे का, कापल्यावर आतला रंग बदलतो का, वास कसा, कोणत्या झाडाखाली उगवली, बीजाणूंचा, म्हणजे पात्यांतून झडणाऱ्या बियांसारख्या सूक्ष्म कणांचा रंग कोणता, हे सगळे एकमेकांशी जुळले की नाव ठरते. ती खाण्याजोगी आहे की नाही हा पुढचा प्रश्न. एखादी खूण जुळत नसेल तर "बाकी सगळे जुळतेय ना" असे म्हणून पुढे जायचे नसते. न जुळणारी ती एक खूणच बहुतेक वेळा खरी बातमी असते.

डेथ कॅपबद्दल इतके का बोलले जाते?

कारण जगभरात अळंबीमुळे होणाऱ्या मृत्यूंपैकी बहुतेकांच्या मागे ती किंवा तिच्याच कुळातल्या बहिणी असतात. शास्त्रीय नाव ॲमॅनिटा फॅलॉइडीस. ती मूळची युरोपातली. ओकसारख्या झाडांच्या मुळांशी तिचे सख्य असते. ही झाडे जिथे जिथे नेऊन लावली, तिथे मुळांबरोबर तीही गेली: कॅलिफोर्निया, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका. त्यामुळे ती फक्त घनदाट जंगलात भेटते असे नाही. शहरातल्या उद्यानात, रस्त्याकडेच्या झाडाखालीही उगवते. पांढरीशुभ्र डिस्ट्रॉइंग एंजल तिची जवळची नातलग. लेपिओटा आणि गॅलेरिना या वेगळ्या कुळांतल्या काही जातींतही हेच विष आहे.

प्रौढ माणसाचा जीव जायला शरीराच्या दर किलोमागे सुमारे ०.१ मिलिग्रॅम अमाटॉक्सिन पुरते. हिशेब केला तर एकच मध्यम आकाराची अळंबी पुरेशी ठरते. मुलांना त्याहून कमी.

नीट शिजवली, उकळून पाणी फेकून दिले, वाळवली, तर विष जात नाही का?

अमाटॉक्सिन जात नाही. उकळा, तळा, वाळवा, गोठवा, मिठात किंवा व्हिनेगरमध्ये मुरवा, ते तसेच राहते.

काही जातींचे विष उष्णतेने कमी होते हे खरे आहे, आणि गैरसमजाचे मूळ तिथेच आहे. जायरोमिट्रा या मेंदूसारख्या घड्या असलेल्या अळंबीतले विष शरीरात गेल्यावर त्यातून मोनोमिथाइलहायड्रॅझीन तयार होते. हेच रसायन रॉकेटच्या इंधनात वापरतात. फिनलंडमध्ये ही अळंबी विकली जाते, पण ती कशी आणि किती वेळा उकळायची याच्या इशाऱ्यासह. उकळताना निघणारी वाफही बाधते, म्हणून खिडक्या उघड्या ठेवायला सांगतात. एवढे करूनही विष पूर्ण जाईल याची हमी नसते. माझे स्पष्ट मत: जिच्या वाफेपासूनही जपावे लागते ती ताटात घेऊ नये.

खाल्ल्यावर किती वेळात कळते?

या पानावर एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

पोट बिघडवणाऱ्या बहुतेक अळंब्या अर्ध्या तासापासून तीन-चार तासांत त्रास देतात. इनोसायबी आणि क्लिटोसायबी कुळांतल्या मस्करीन हे विष असलेल्या जाती तर पंधरा मिनिटांपासून दोन तासांतच दणका देतात: दरदरून घाम, तोंडाला पाणी सुटणे, डोळे वाहणे, नाडी मंदावणे. माणूस घाबरतो, दवाखान्यात जातो, ॲट्रोपिन हे औषध मिळते आणि बहुधा वाचतो.

डेथ कॅप वाट पाहते. सहा तास काहीच होत नाही. कधी बारा, कधी चोवीस. रात्री जेवलेला माणूस शांत झोपतो. मग एकाएकी पटकीसारखे जुलाब, उलट्या, पोटात मुरडा. इतक्या उशिरा सुरू झाल्याने अनेकदा कालची अळंबी कुणाला आठवतही नाही. एक-दीड दिवस असा जातो आणि मग त्रास थांबतो. रुग्ण उठून बसतो, पाणी मागतो, घरचे सुटकेचा श्वास टाकतात. काही जण याच टप्प्यावर दवाखान्यातून घरी परततात.

यकृत मात्र त्या वेळी मरत असते. पेशीतल्या ज्या विकराच्या मदतीने जनुकांवरचा संदेश उतरवून घेतला जातो, त्या आरएनए पॉलिमरेज-दोनला अमाटॉक्सिन जखडून ठेवते. संदेश नाही म्हणजे नवी प्रथिने नाहीत, आणि प्रथिनांशिवाय पेशी फार काळ तग धरत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कावीळ, रक्तस्राव, गुंगी दिसू लागते. तोवर उपचारांसाठीचे सर्वांत मोलाचे तास निघून गेलेले असतात.

म्हणून खाल्ल्यानंतर सहा तासांनी किंवा त्याहून उशिरा सुरू झालेला त्रास हा लवकर सुरू झालेल्या त्रासापेक्षा जास्त गंभीर धरायचा. पण याचे उलट खरे मानू नका. एकाच ताटात दोन-तीन जाती असतील, तर लवकर झालेल्या उलटीमागे उशिराचे विषही दडलेले असू शकते.

किडनी निकामी करणारी अळंबीही असते, हे खरे का?

खरे आहे, आणि तिची वाट पाहण्याची ताकद डेथ कॅपहूनही मोठी. कॉर्टिनेरियस कुळातल्या काही जातींत ओरेलॅनिन असते. त्याची लक्षणे दोन-तीन दिवसांपासून थेट दोन-तीन आठवड्यांनी उमटतात: सतत तहान, कमरेत दुखणे, लघवी कमी होणे. या कुळातल्या जाती विषारी असतात हे जगाला समजले तेच १९५०च्या दशकात, पोलंडमध्ये शंभराहून जास्त लोकांना बाधा झाल्यावर.

ब्रिटिश कादंबरीकार निकोलस इव्हान्स यांचे उदाहरण अनेकांना माहीत असेल. २००८ मध्ये स्कॉटलंडमध्ये त्यांनी, पत्नीने आणि नातलगांनी रानातून आणलेली कॉर्टिनेरियस खाद्य जात समजून खाल्ली. त्यांच्या किडन्या निकामी झाल्या, डायलिसिस करावे लागले आणि २०११ मध्ये त्यांच्या मुलीने स्वतःची एक किडनी त्यांना दिली. घरातली माणसे एकत्र जेवायला बसली की "कुणीतरी नीट पाहिलेच असेल" असे प्रत्येकाला वाटते. तेव्हा रानातली अळंबी ताटात आली की विचारायला लाजू नका: ही कुणी ओळखली आणि कशावरून?

गफलत नेमकी कुठे होते?

काही जोड्या लक्षात ठेवाव्यात.

डेथ कॅप कोवळी असताना पांढऱ्या पडद्यात गुंडाळलेल्या अंड्यासारखी दिसते. भाताच्या काडावर वाढवली जाणारी व्होल्व्हारिएलाही लहानपणी अगदी तशीच. दोघींच्या बुंध्याशी पिशवी असते. फरक असा की व्होल्व्हारिएलाचे बीजाणू गुलाबी असतात आणि देठावर कडे नसते. डेथ कॅपचे बीजाणू पांढरे आणि देठावर कडे. पण अंड्याच्या अवस्थेत यांतले काहीच दिसत नाही. एका देशात लहानपणापासून व्होल्व्हारिएला खाल्लेली माणसे दुसऱ्या देशात स्थायिक होतात, तिथे ओळखीची वाटणारी अळंबी आनंदाने खुडतात आणि ती डेथ कॅप निघते, असे ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेत घडलेले आहे. या माणसांचे ज्ञान खोटे नव्हते. ते दुसऱ्या जमिनीचे होते, एवढेच.

पफबॉल, म्हणजे पांढरा गोळा. तो वरून खाली उभा कापायचा. आत सगळीकडे एकसारखा पांढराशुभ्र गर हवा. छत्रीची, देठाची, पात्यांची पुसटशी जरी आकृती दिसली तरी ती ॲमॅनिटाची कळी आहे. आत जांभळट-काळे असेल तर तो अर्थबॉल, तोही विषारी.

हिरवळीतल्या मोठ्या पांढऱ्या छत्र्यांत क्लोरोफायलम मॉलिब्डायटीस ही उष्ण प्रदेशांत सर्रास आढळते. तिला लोक खाण्याजोगी पॅरासोल समजतात. पिकल्यावर पात्या हिरवट होतात, बीजाणूंचा ठसाही हिरवट. जीव सहसा जात नाही, पण उलट्या-जुलाबांनी माणूस पिळून निघतो आणि लहान मुलांना तेही झेपत नाही.

आम्ही वर्षानुवर्षे हीच खातो, काही झालेले नाही. तरीही?

तुम्ही खरे सांगत आहात हे मला मान्य आहे. तरीही.

पॅक्सिलस इन्व्होल्युटस ही अळंबी युरोपात पिढ्यान्‌पिढ्या शिजवून खाल्ली जात होती. १९४४ मध्ये जर्मन कवकशास्त्रज्ञ युलिउस शेफर हीच खाऊन आजारी पडले आणि दगावले. अळंब्यांचा अभ्यास हेच त्यांचे काम होते. पुढे उलगडा झाला की वारंवार खाल्ल्यावर काहींच्या शरीरात तिच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात आणि पुढच्या एखाद्या खेपेला तीच प्रतिक्रिया तांबड्या रक्तपेशी फोडते. म्हणजे आधी निर्धोक पार पडलेली प्रत्येक वेळ शेवटच्या वेळेची तयारी करत होती.

दुसरे उदाहरण ट्रायकोलोमा इक्वेस्ट्रे. फ्रान्समध्ये ही आवडीने खाल्ली जायची. १९९२ ते २००० या काळात १२ जणांचे स्नायू विरघळू लागल्याचे आढळले, त्यांतले ३ दगावले. सगळ्यांनी लागोपाठ अनेक जेवणांत ती भरपूर खाल्ली होती. हा अहवाल २००१ मध्ये प्रसिद्ध झाला.

शिवाय अजून नाव न मिळालेल्या जाती आहेतच. चीनच्या युनान प्रांतात पावसाळ्यात धडधाकट माणसे अचानक दगावत. त्या मृत्यूंशी ज्या छोट्या पांढऱ्या अळंबीचा संबंध जोडला गेला, तिला ट्रोजिया व्हेनेनाटा हे शास्त्रीय नाव मिळाले ते २०१२ मध्ये.

मोबाइलवरचे ओळख सांगणारे ॲप वापरू का?

शिकायला वापरा, खाण्याचा निर्णय घ्यायला नको. ऑस्ट्रेलियात तीन ॲप तपासली गेली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत सर्वांत चांगल्या ॲपनेही जेमतेम निम्म्या वेळा बरोबर नाव सांगितले. ॲप चित्र पाहते. वास, बुंध्याची मातीतली पिशवी, बीजाणूंचा रंग त्याला कळत नाही.

पुस्तकांबाबतही आता सावध राहावे लागते. २०२३ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेने लिहिल्यासारखी दिसणारी अळंबी-मार्गदर्शक पुस्तके ऑनलाइन विक्रीला आली, तेव्हा न्यूयॉर्क मायकोलॉजिकल सोसायटीने लोकांना जाहीर सावध केले. पुस्तक घेताना लेखक कोण, त्याचे या विषयातले काम काय आणि पुस्तक कोणत्या प्रदेशाबद्दल आहे, हे बघा. दुसऱ्या खंडातले उत्तम पुस्तकही तुमच्या पायाखालच्या अळंबीबद्दल चूक सांगू शकते.

बीजाणूंचा ठसा कसा घ्यायचा?

पूर्ण उमललेली छत्री देठापासून वेगळी करा. अर्धा पांढरा, अर्धा काळा असा कागद घ्या, त्यावर पात्या खाली येतील अशी छत्री ठेवा आणि वर वाटी पालथी घाला. रात्रभर तसेच राहू द्या. सकाळी कागदावर पावडरीचा ठसा दिसेल. (फार देखणा असतो. मुलांबरोबर करून बघा, नंतर हात धुवा.)

ठशाने काही शक्यता बाद होतात, सुरक्षितता सिद्ध होत नाही. डेथ कॅपचा ठसा पांढरा येतो आणि कितीतरी खाद्य अळंब्यांचाही पांढराच येतो.

तज्ज्ञाला दाखवायला काय न्यावे?

अख्खी अळंबी. देठ सुरीने कापू नका, बुंध्याखालची माती उकरून ती समूळ काढा. डेथ कॅपची सर्वांत महत्त्वाची खूण, ती पिशवी, मातीत असते. वरच्यावर कापणारा नेमका पुरावाच मागे सोडून येतो. जमल्यास कोवळी, उमललेली आणि जुनी अशा तीन अवस्थांतल्या न्या. प्रत्येक जात वेगळ्या कागदी पिशवीत. प्लास्टिकमध्ये ती घामेजून सडते. फोटो वरून, खालून, बाजूने आणि उभा छेद घेऊन काढा. जवळ कोणती झाडे होती तेही टिपून ठेवा.

ओळख पक्की असली तरी त्रास होऊ शकतो का?

होतो. कच्ची खाणे हे मोठे कारण. मोरेल ही नावाजलेली, महागडी अळंबी; २०२३ मध्ये अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात एका उपाहारगृहात कच्च्या आणि अर्धवट शिजलेल्या मोरेल खाऊन ५१ जण आजारी पडले, २ दगावले. दुकानातली शिताकेसुद्धा कच्ची राहिली तर काहींच्या अंगावर चाबकाच्या वळांसारखे लाल पट्टे उठतात.

शाईसारखी विरघळणारी कोप्रिनॉप्सिस ॲट्रामेन्टारिया एरवी खाता येते, पण तिच्यासोबत किंवा नंतर दोन-तीन दिवसांत मद्य घेतले तर चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात.

अळंबी जमिनीतून शिसे, पारा, कॅडमियम शोषून साठवते. रहदारीचा रस्ता, कारखाना, कचऱ्याचा ढीग, औषध फवारलेली हिरवळ, इथली कोणतीही जात नको. १९८६च्या चेर्नोबिल दुर्घटनेतले किरणोत्सारी सिझियम दक्षिण जर्मनीच्या जंगलांतल्या काही अळंब्यांत अनेक दशकांनंतरही सापडत आले आहे.

आणि सडलेली, किडलेली, बुळबुळीत झालेली अळंबी म्हणजे शिळे मांसच समजा.

नुसता हात लावला तर?

घाबरू नका. डेथ कॅप हाताळल्याने विषबाधा होत नाही. पूर्व आशियातली आगीच्या ज्वाळांसारखी लाल दिसणारी पॉयझन फायर कोरल हा अपवाद. तिच्या स्पर्शानेही त्वचेला दाह होतो. मुलांना "हात लावू नकोस" असे ओरडण्यापेक्षा "तोंडात घालायची नाही" हे शिकवलेले जास्त उपयोगी पडते. रांगणारे मूल मात्र सगळे तोंडातच घालते, म्हणून ते खेळते तिथल्या छत्र्या रोज उपटून टाका.

कुणी खाल्लीच, तर नेमके काय करू?

लक्षणांची वाट पाहू नका. तातडीच्या सेवेला किंवा विषबाधा सल्ला केंद्राला फोन करा आणि निघा. ज्यांनी ज्यांनी ते जेवण खाल्ले त्या सगळ्यांना न्या, ठणठणीत असलेल्यांनाही. उरलेली कच्ची अळंबी, शिजवलेले अन्न, साफ करताना निघालेले तुकडे, काहीच नसेल तर उलटीचा नमुना सोबत घ्या. किती वाजता खाल्ले, त्रास किती वाजता सुरू झाला आणि मद्य घेतले होते का, हे लिहून ठेवा.

मीठपाणी पाजून किंवा घशात बोटे घालून उलटी करवू नका. दूध, तूप, लिंबू, काढा यांनी विष उतरत नाही. वेळ मात्र जातो.

डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा: "रानातली अळंबी खाल्ली आहे." नुसते "जुलाब होताहेत" म्हणालात तर साध्या अन्नबाधेचे उपचार सुरू होतील. दुसऱ्या दिवशी बरे वाटले तरी यकृताच्या तपासण्या पुन्हा पुन्हा करून घ्या, आणि डॉक्टर सोडत नाहीत तोवर घरी जाण्याचा हट्ट धरू नका.

यावर उतारा आहे का?

अमाटॉक्सिनवर हमखास उतारा नाही. शिरेतून भरपूर द्रव, आणि सक्रिय कोळसा पुन्हा पुन्हा देतात, कारण हे विष पित्तातून आतड्यात उतरते आणि तिथून परत शोषले जाते. मिल्क थिसल या वनस्पतीपासून काढलेले सिलिबिनिन, एन-ॲसिटिलसिस्टीन, पेनिसिलिन यांचा वापर होतो. यकृत हाताबाहेर गेले तर प्रत्यारोपण हाच मार्ग उरतो. इंडोसायनीन ग्रीन या रंगद्रव्याने उंदरांत चांगला परिणाम दाखवल्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यावर माझे बारीक लक्ष आहे, पण उंदीर आणि माणूस यांत अंतर असते. योग्य वेळी चांगल्या रुग्णालयात पोहोचलेले बहुतेक रुग्ण आज वाचतात. "योग्य वेळी" हे दोन शब्द मी मुद्दाम लिहिले आहेत.

मला खरेच शिकायचे आहे. सुरुवात कशी करू?

टोपली न घेता. पहिले वर्षभर खाण्याचा विचार बाजूला ठेवून नुसते बघा, काढा, कापा, ठसे घ्या, वही ठेवा. आणि खाद्य जातींच्या आधी आपल्या भागातल्या घातक जाती शिका. ॲमॅनिटा सर्व अवस्थांत ओळखता आल्याशिवाय पांढऱ्या पात्यांच्या कोणत्याही अळंबीकडे अन्न म्हणून पाहू नका. तुमच्याच भागात वर्षानुवर्षे हिंडलेल्या माणसासोबत फिरा. त्याने नाव सांगितले की "दुसरी कोणती असू शकेल?" असे विचारा. चांगल्या जाणकाराकडे या प्रश्नाचे उत्तर तयार असते.

पुढे कधी पहिल्यांदा एखादी जात खाल्लीत, तर चांगली शिजवून, अगदी थोडी खा आणि त्या दिवशी दुसरी कोणतीही अळंबी नको. दोन अख्ख्या कच्च्या अळंब्या कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये बाजूला ठेवा. वेळ आलीच तर डॉक्टरांना दाखवायला.

कुत्र्याने अंगणातली छत्री खाल्ली. काय करू?

माणसासाठी जे केले असते तेच. डेथ कॅपने कुत्रीही मरतात, आणि आपल्याला काय होते आहे हे त्यांना सांगता येत नाही. उरलेला तुकडा उचला आणि लगेच पशुवैद्याकडे न्या.